सॅलिस्बरी कॅथेड्रल: स्टोनहेंज बघून उरलेल्या तासात उरकायची जागा नाही ही

आधीच सांगून टाकते, साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण त्यात आत्ता तिथे काम करणाऱ्या कुणाचीही चूक नाही, ज्याची चूक आहे त्याला जाऊन दोनशे वर्षं झाली.

इंग्लंडमधल्या सॅलिस्बरी गावातल्या या भल्यामोठ्या चर्चमध्ये मी दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा इतका जमीन-अस्मानाचा फरक पडला की म्हटलं लिहावंच. पहिल्यांदा गेले ती लंडनहून निघणाऱ्या एका दिवसाच्या बस टूरने. नाव घेत नाही, तशा कंपन्या ढिगाने आहेत. सकाळी स्टोनहेंजचे ते प्राचीन उभे दगड, दुपारी सॅलिस्बरी, संध्याकाळी अजून तिसरं काहीतरी. कागदावर दीड तास होता, प्रत्यक्षात हातात आली ५० मिनिटं, कारण आधीच्या स्टॉपवर दोघं जण वेळेत परत आले नाहीत आणि त्याची शिक्षा बाकी सगळ्या बसला. त्या ५० मिनिटांतली पंधरा टॉयलेटच्या लाइनीत गेली, मग धावत जाऊन मॅग्ना कार्टा, म्हणजे राजा जॉनच्या वेळची ती प्रसिद्ध हक्कांची सनद, बघितला, कळसाचा फोटो काढायचा प्रयत्न केला तर तो कळस काही केल्या फ्रेममध्ये मावेना, शेवटी जमिनीवर जवळजवळ आडवी होऊन काढला आणि बसमध्ये येऊन बसले. घरी विचारलं कसं होतं, तर मला "मोठं होतं" एवढंच सांगता आलं. लाज वाटली खरं तर.

या वेळी आई-बाबा आले होते. बाबा पीडब्ल्यूडीमधून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांना कुठलीही जुनी इमारत दाखवा, ते आधी जोतं बघतात आणि मग वर बघतात. आईचे गुडघे दुखतात. अशी टीम घेऊन लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सकाळची ट्रेन पकडली, दीड तासात सॅलिस्बरी, स्टेशनवरून रमतगमत पंधरा मिनिटं चालत. रस्ता विचारावा लागत नाही, कळस दिसतच राहतो. १२३ मीटर उंच, पूर्ण ब्रिटनमध्ये एवढा उंच कळस दुसऱ्या कुठल्या चर्चला नाही. हा १२३ आकडा काही जणांच्या डोक्यात वेगळ्याच कारणाने बसला असेल, २०१८ मध्ये याच गावात एका माजी रशियन गुप्तहेरावर विषप्रयोग झाला, त्या केसमधल्या दोन रशियन संशयितांनी टीव्हीवर येऊन सांगितलं होतं की आम्ही तर हा १२३ मीटरचा कळस आणि ते घड्याळ बघायला गेलो होतो म्हणून. बाबांना ते बरोब्बर आठवत होतं आणि दिवसभर "आम्ही टूरिस्ट आहोत" हा जोक किमान चार वेळा झाला.

गावाच्या गजबजाटातून एका जुन्या कमानीखालून आत शिरलात की एकदम हिरवळ आणि शांतता, याला क्लोज म्हणतात, ८० एकराचा आवार आहे, कडेने जुनी घरं आणि मधोमध हे. इथे दोन मिनिटं थांबा. लगेच तिकीट खिडकीकडे पळू नका.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आतली गंमत कळत नाही. मूळ कॅथेड्रल इथे नव्हतंच, ते इथून थोडं उत्तरेला ओल्ड सारम नावाच्या टेकडीवर किल्ल्यात होतं. तिथे भणाण वारा, पाण्याची बोंब आणि किल्ल्यातल्या सैनिकांशी रोजची कटकट, त्यामुळे पाद्री लोकांनी ठरवलं की खाली नदीकाठच्या कुरणात जायचं. १२२० मध्ये पायाभरणी, १२५८ मध्ये अर्पण सोहळा. म्हणजे ३८ वर्षांत मुख्य इमारत उभी, तेही मध्ययुगात, बैलगाड्या आणि दोरखंडांवर. बाकीची मोठमोठी कॅथेड्रलं दोन-दोनशे वर्षं चालू राहिली आणि प्रत्येक पिढीने आपापली फॅशन त्यात घुसवली, हे एका दमात झाल्यामुळे एकजिनसी वाटतं, एकाच हातचं. आणि गंमत बघा, वर पाणी नाही म्हणून खाली आले तर खाली पाणी इतकं वर की पाया फक्त चार फूट खोल. बाबा म्हणाले, "चार फूट? नीट ऐकलंस का तू?" हो हो, चारच फूट, खाली ओली खडी आहे आणि त्या खडीच्या थरावर हे सगळं बसलंय. ७०,००० टन दगड, ३,००० टन लाकूड, ४५० टन शिसं असे आकडे सांगतात. फरशीत एक छोटं झाकण आहे, ते उचलून काठी आत सोडतात आणि पाणी किती वर आहे ते बघतात. विहिरीत दोरी सोडून बघतात ना, तसंच. बाबांनी ते तीनदा बघितलं आणि तिसऱ्या वेळी तिथल्या आजोबांनी काठी सरळ त्यांच्याच हातात दिली. ओली काठी हातात धरून उभे बाबा, हा माझ्या आख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात भारी फोटो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

हा जो कळस आहे ना, तो मूळ प्लॅनमध्ये नव्हता. आधी मधोमध एक बसका टॉवर होता, तेवढंच वजन धरून खालचे चार खांब बांधलेले. मग चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाला तरी वाटलं की अजून उंच करू या, आणि त्या चार खांबांवर टॉवर वाढवून वरती दगडी कळस चढवला. जास्तीचं वजन साधारण ६,५०० टन. पाया तोच, चार फूट. म्हणजे एक मजल्याच्या परवानगीवर सात मजले चढवायचा प्रकार, फक्त देवाच्या नावाने.

आम्ही मधल्या चौकात, म्हणजे कळसाच्या बरोबर खाली उभे होतो. मी वर बघत होते, छत किती सुंदर वगैरे. बाबा वर बघतच नव्हते. एका खांबाला जवळजवळ गाल लावून एक डोळा मिटून उभे होते, साइटवर उभे राहायचे तसे. मग म्हणाले, "हा ओळंब्यात नाहीये गं, सरळ उभा नाही." मी म्हटलं बाबा काहीतरीच काय. "तू इथे ये, इथून बघ." आणि खरंच हो! खालून वर नजर नेलीत की तो खांब पोटात वाकलेला दिसतो, ओझ्याखाली हमालाची पाठ वाकते तसा, अगदी थोडा, पण एकदा दिसला की मग दुसरं काही दिसतच नाही. काळपट चकचकीत दगडाच्या बारीक कांड्या आहेत खांबाला, त्याला पर्बेक मार्बल म्हणतात पण तो खरा संगमरवर नाही, पॉलिश घेणारा चुनखडीचाच दगड आहे, तर त्या कांड्यांची रेघ सरळ जायच्या ऐवजी बाक घेते. मागच्या वेळी मी याच खांबाला टेकून पाणी प्यायले होते आणि मला पत्ता नव्हता.

मग हळूहळू सगळं उलगडत जातं. बाजूच्या दालनांत मध्येच आडव्या कमानी घातल्यात, एका ठिकाणी तर कमानीवर उलटी कमान, कैचीसारखी. मला आधी वाटलं डिझाइन आहे. डिझाइन कसलं, टेकू आहेत ते, खांब आत झुकू नयेत म्हणून नंतर ठोकलेले. आणि चौकाच्या फरशीत एक पितळी खूण आहे, त्यावरून कळतं की कळसाचं टोक मूळ मध्यापासून किती सरकलंय. सुमारे ७५ सेंटिमीटर, नैर्ऋत्येला. हे १६६८ मध्ये क्रिस्टोफर रेनने मोजलं, तोच ज्याने नंतर लंडनचं सेंट पॉल्स बांधलं, आणि त्याने लोखंडी पट्टे घालून आवळायला सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे ओळंबाच सोडला असणार त्याने, आणि काय." आणि मग त्या खुणेवर उभे राहून, मान पूर्ण मागे टाकून, वर बघत राहिले. एरवी प्रत्येक गोष्टीवर कॉमेंट करणारा माणूस पाच मिनिटं गप्प.

मला वाटतं या कॅथेड्रलची खरी मजा हीच आहे. बाकी भव्य वगैरे सगळीच असतात. पण हे एक असं आहे की ज्याने झेपत नसलेलं ओझं घेतलंय आणि सातशे वर्षं कशीबशी तोल सांभाळत उभं आहे, आणि प्रत्येक पिढीत कुणी ना कुणी त्याला टेकू लावत बसलंय. हे एकदा कळलं की प्रत्येक कमान बघताना पोटात जरा गोळा येतो.

टॉवर टूर. याचं तिकीट वेगळं आणि आधी बुक करावं लागतं, ऐन वेळी मिळेल या भरवशावर जाऊ नका. ३३२ पायऱ्या, गोल गोल दगडी जिना, काही ठिकाणी इतका अरुंद की खांदे दोन्हीकडे घासतात. बंद जागेची किंवा उंचीची भीती असेल तर विचार करा, गुडघे कुरकुरत असतील तर विचारही करू नका. आई खालीच थांबली. आम्ही दोघं गेलो, पण एका दमात चढवत नाहीत, टप्प्याटप्प्याने थांबत थांबत नेतात आणि गाइड गोष्टी सांगत असतो, त्यामुळे बाबा सत्तरीच्या पुढचे असूनही आरामात आले, मीच धापा टाकत होते. मधल्या टप्प्यात तुम्ही छताच्या वर असता. म्हणजे खालून जी नाजूक कमानदार छत दिसते तिची पाठ बघता, ओबडधोबड, खडबडीत, भरतकामाची उलटी बाजू असते ना तशी. आणि वर तुळयांचं जंगल.

पण खरा धक्का कळसाच्या तळाशी. तिथे उभं राहून वर बघितलं की आतून कळस पोकळ आहे आणि त्यात लाकडी सांगाडाच सांगाडा, एकात एक अडकवलेली तिरकी-आडवी लाकडं, वर अंधारात जात जात नाहीशी होणारी. चौदाव्या शतकात बांधताना जी परांची घातली ती काढलीच नाही, आतच ठेवली. बाबा एवढंच म्हणाले, "सेंटरिंग काढायचं राहिलं," आणि स्वतःच हसायला लागले. गाइडला इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला, जोक पोचला नाही. टोकापर्यंत जायचं असेल तर त्या लाकडांमधून शिड्यांनी वर, मग टोकाच्या थोडं खाली एक छोटंसं दार आहे, त्यातून बाहेर यायचं आणि उरलेलं अंतर कळसाच्या बाहेरून लोखंडी कड्या धरून चढायचं. आपल्याला नाही नेत अर्थात, देखभालवाले जातात. मला नुसतं ऐकून तळपायाला घाम आला.

आपण पब्लिक साधारण ६९ मीटरपर्यंत जातो, तिथे चारही बाजूंना सज्जे आहेत. एका बाजूला गाव, एका बाजूला नद्या आणि कुरणं, लांबवर ओल्ड सारमची टेकडी, जिथून ही मंडळी पाण्यासाठी खाली आली. टॉवरवर बहिरी ससाण्याचं घरटं असतं, आम्हाला एकदाच तो वरून सपकन गेलेला दिसला, कबुतरांची पांगापांग. वारा इतका की बाबांची टोपी मी हातातच धरून ठेवली होती.

इकडे आई खाली कंटाळली असेल म्हणून आम्ही घाईघाईने आलो तर बाई घड्याळापाशी खुर्ची टाकून तिथल्या एका बाईंशी गप्पा मारत बसलेली, दोघींनाही एकमेकींचं इंग्रजी अर्धंच कळत होतं पण दोघी खूश. त्यांनी तिला सांगितलं की कोविडच्या वेळी २०२१ मध्ये इथेच लसीकरण केंद्र होतं आणि लस घेऊन लोक बसलेले असताना ऑर्गन वाजवायचे. आईला ते फार आवडलं. "आम्हाला पत्र्याच्या शेडखाली बसवलेलं," म्हणाली.

घड्याळ बघून अर्धे लोक निराश होतात, कारण त्याला तबकडीच नाही. काटे नाहीत, आकडे नाहीत, नुसती लोखंडी चौकट आणि दातेरी चाकं, एखाद्या जुन्या गिरणीचा सांगाडा वाटेल. १३८६ च्या सुमाराचं आहे, जगातल्या सगळ्यात जुन्या चालू घड्याळांपैकी एक मानतात, सगळ्यात जुनं म्हणणारेही आहेत. तबकडी नाही कारण गरजच नव्हती, त्याचं काम तासाला घंटा वाजवणं, बघणार कोण होतं? दोन दगडी वजनं दोरांना लटकवलेली, ती हळूहळू खाली येतात आणि त्या ओढीवर चाकं फिरतात, वर एक आडवा दांडा डावीकडे-उजवीकडे झुलतो. जवळ उभं राहून ऐका, खट... खट... अगदी संथ. १८८४ मध्ये नवीन घड्याळ आलं आणि हे अडगळीत गेलं, मग १९२८ मध्ये टॉवरमध्ये धूळ खात पडलेलं सापडलं. अशा वस्तू भंगारात न जाणं हेच नवल.

मॅग्ना कार्टा चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे पाद्री लोकांच्या सभेच्या दालनात आहे, तिकिटातच बघायला मिळतो. १२१५ च्या मूळ चार प्रती शिल्लक आहेत, दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनची आणि ही, आणि चारांत ही सगळ्यात चांगली टिकलीय. एका छोट्या अंधाऱ्या तंबूसारख्या खोलीत ठेवलाय, डोळे सरावायला वेळ द्या. एका कातड्याच्या तुकड्यावर लॅटिनमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास शब्द, इतक्या बारीक आणि एकसारख्या अक्षरात की मुंगी चालली तरी ओळ सोडणार नाही. २०१८ मध्ये एकाने हातोडा घेऊन काच फोडायचा प्रयत्न केला होता, कागदपत्राला काही झालं नाही. खरं सांगू, मला स्वतःला त्या खोलीपेक्षा बाहेरचं आठकोनी दालन जास्त आवडलं, मधोमध एकच सडपातळ खांब आणि त्यावरून छत्रीच्या काड्यांसारखं फाकलेलं छत, आणि भिंतीवर चौफेर बायबलच्या गोष्टी कोरलेल्या. लोक तंबूत शिरतात आणि बाहेर पडून निघून जातात, वर कुणी बघत नाही.

याच मॅग्ना कार्टाच्या वेळचा एक सरदार, विल्यम लाँगस्पी, राजा जॉनचा सावत्र भाऊ, इथेच पुरलाय. १२२६ मध्ये, या कॅथेड्रलमध्ये पुरलेला पहिला माणूस. त्याची कबर १७९१ मध्ये उघडली तेव्हा कवटीत एक मेलेला उंदीर सापडला आणि त्या उंदरात आर्सेनिक. म्हणजे याला विष घातलं होतं का वगैरे चर्चा तेव्हापासून चालूच आहे. उंदीर जपून ठेवलाय, समोरच्या म्यूझियममध्ये.

आणि ती कबर उघडायची वेळ का आली, तर इथे येतो माझा अर्धा स्टार. अठराव्या शतकाच्या शेवटी जेम्स वायट नावाच्या आर्किटेक्टला इथे "साफसफाई" करायला दिलं. त्याने कबरी हलवून दोन्ही बाजूंना शिस्तीत रांगेत मांडल्या, शाळेत बाक लावतात तशा, जुने रंग पुसून टाकले, आवारात वेगळा उभा असलेला घंटांचा टॉवर पाडला. म्हणून आज आत शिरल्यावर पहिल्या झटक्यात सगळं थोडं कोरं वाटतं, घर विकायला काढताना सामान हलवून ठेवतात तसं. मध्ययुगात हे सगळं रंगीत होतं हे डोळे मिटून कल्पना करावी लागते. तर अर्धा स्टार वायटसाहेबांचा.

नव्या गोष्टींपैकी दोन सोडू नका. एक म्हणजे २००८ मध्ये बसवलेलं बाप्तिस्म्याचं कुंड, काठोकाठ भरलेलं, चार कोपऱ्यांतून पाणी सतत खाली पडतंय तरी वरचा पृष्ठभाग आरशासारखा निश्चल, त्यात आख्खं छत उलटं दिसतं. एका मुलाने त्यावर चक्क हातातला नकाशा ठेवला, टेबल समजून. दुसरं, अगदी टोकाला असलेली निळी काचेची खिडकी, १९८० ची, विचारांसाठी तुरुंगात गेलेल्या कैद्यांना अर्पण केलेली. सकाळी बघा, पूर्वेला आहे, दुपारनंतर तिचा निळा मंदावतो.

कॅफेला काचेचं छत आहे, चहा पिता पिता वर कळस दिसतो, एवढं पुरे त्याबद्दल.

संध्याकाळची प्रार्थना, ज्याला इव्हनसाँग म्हणतात, त्याला तिकीट लागत नाही, धर्म कुठला ते कुणी विचारत नाही, फक्त गप्प बसायचं आणि बाकीचे उठले की उठायचं. इथे १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र कॉयर, म्हणजे गायनवृंद, सुरू झाला, इंग्लंडच्या कॅथेड्रलमध्ये पहिलाच, त्याआधी शतकानुशतकं फक्त मुलगे. आम्ही गेलो त्या दिवशी मुलींचंच गाणं होतं. सूर थांबल्यावर तो वर कुठेतरी दोन-तीन सेकंद तसाच फिरत राहतो, आईने माझा हात धरला होता, काही बोलली नाही. बाबा मात्र तेव्हाही त्या खांबाकडेच बघत होते, मी पाहिलं.

बाहेर आलो तेव्हा ट्रेनला तास होता. मी म्हटलं म्यूझियम समोरच आहे, उद्या येऊन तो उंदीर बघायचा का? आई म्हणाली, "उंदीर बघायला तिकीट काढून मी पुन्हा यायची नाही. तुझ्या बाबांना त्या खांबासाठी आणायचं असेल तर आण."

बाबा म्हणाले, परत यायचं तर एक ओळंबा बरोबर आणतो.